कपाटातली कसर आणि ओलावा शोषणारे डबे : पाच महिन्यांच्या वापरानंतर

गिरगावातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात पुस्तकांचे लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे आणि पावसाळ्यात त्या भिंतीला पोपडे येतात. मे महिन्यात जुने दिवाळी अंक काढताना चांदीसारखी चकाकणारी, शेपटाला तीन तंतू असलेली कसर पुठ्ठ्यामागून सुर्रकन पळाली. बांधणीच्या कडेला लावलेली खळ तेवढी खरवडून खाल्लेली होती. मजकूर बहुतेक शाबूत होता.

जूनच्या सुरुवातीला कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरलेले 4 डबे आणून प्रत्येक कप्प्यात एकेक ठेवला. हे डबे कसर मारत नाहीत, हे विकत घेतानाच लक्षात घ्यावे. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि 75 टक्क्यांहून अधिक आर्द्रता मानवणाऱ्या कसरीला कोरड्या कप्प्यात राहणे अवघड होते. जुलैत तळच्या कप्प्यातला डबा 15 दिवसांतच पाण्याने भरला, वरचा मात्र महिनाभर टिकला.

फरक डोळ्यांना दिसावा म्हणून मी काचेच्या बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळली, आत पावाचा तुकडा टाकला आणि ती रात्री कपाटात ठेवली. पट्टीवरून कसर वर चढते, पण आतल्या गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. पहिल्या रात्री 7 सापडल्या, सप्टेंबरअखेर एखादीच. अर्थात, त्याच काळात मी अंकांचे गठ्ठे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले होते, त्यामुळे सगळे श्रेय डब्यांना देणे बरोबर होणार नाही.

तक्रार एकच, पण मोठी. ऑगस्टमध्ये पुस्तक ओढताना एक डबा कलंडला आणि ते खारे पाणी फळीवर सांडले. दोन दिवस पुसूनही फळी ओलसरच राहिली, कारण सांडलेले द्रावणही हवेतले पाणी ओढतच राहते; शेवटी ओल्या फडक्याने तीन-चारदा धुऊन काढावे लागले. तेव्हापासून प्रत्येक डबा स्टीलच्या खोलगट ताटलीत ठेवतो.

आधी वर्षानुवर्षे वापरलेल्या डांबरगोळ्यांच्या वासाने डोके धरत असे, तो त्रास आता नाही. मात्र दार नीट मिटत नसेल तर या डब्यांवरचा खर्च वाया जातो. आमच्या वरच्या दोन कप्प्यांच्या दारांना बोटभर फट आहे, त्यामुळे पुढच्या जूनला खालच्या दोन कप्प्यांपुरतेच डबे आणणार आहे.