फ्लॉवरवर निंबाचं औषध 10000 पीपीएम, एका प्लॉटचा अनुभव

आमचं सासवडच्या बाजूला या सीझनला 15 गुंठे फ्लॉवर होतं, माल पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. त्यावर ॲझाडिरॅक्टिन 10000 पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात किती भाग, 10000 म्हणजे 1 टक्का) म्हणजे निंबाचं औषध मारलं, 500 मिलीची बाटली आणलेली, त्याबद्दल लिहितोय कारण जो तो म्हणतो निंबाने काय होत नाही, नुसतं पाणी मारल्यासारखंय. तसं नाहीये. फक्त ते कसं काम करतं हे कळलं नाही तर पैसे वाया गेल्यासारखेच वाटणार.

लागण करून तीन आठवडे झाले आणि पानं उलटून बघितली तर खाली बारीक पोपटी अळ्या. जरा बोट लावलं की वळवळत मागे सरकतात आणि धागा सोडून लोंबकळतात, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग, आपण डीबीएम म्हणतो तो. पानाला बारक्या बारक्या खिडक्या पडतात, खालून हिरवं सगळं खातात आणि वरचा पापुद्रा पांढरट तसाच ठेवतात, उन्हाकडे धरलं की आरपार दिसतं. त्याच संध्याकाळी लिटरला 2 मिली प्रमाणे फवारा घेतला. सकाळी बघतो तर अळ्या जिवंत!

आमचे अण्णा म्हणाले झालं, गेले पैसे. पण मी आधीच दहा झाडांना सुतळी बांधून ठेवलेली, रोज तीच झाडं बघायची म्हणून. निंबाने अळी झटक्यात मरत नाही, तिची खायची इच्छा जाते आणि कात टाकताना ती अडकते, त्यामुळे मेलेल्या अळ्या शोधत बसायचं नाही, नवीन खिडक्या पडतात का ते बघायचं. पाचव्या दिवशी त्या दहा झाडांच्या कोवळ्या पानांवर नवीन खिडकी जवळपास नव्हती. ज्या अळ्या आधीच मोठ्या झालेल्या त्यांच्यावर मात्र विशेष फरक नाही पडला, हे पण खरंय. म्हणून अळी बारीक असतानाच मारायचं.

दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे स्टिकर, औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून टाकतात ते द्रावण. फ्लॉवरच्या पानावर मेणासारखा थर असतो, पहिला पंप मी तसाच मारला तर औषधाचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळून खाली, पुढच्या पंपात स्टिकर टाकला तेव्हा कुठे पान ओलं झालं. दुसरं म्हणजे वेळ, उन्हात हे औषध लवकर निकामी होतं त्यामुळे संध्याकाळी पाचनंतरच, आणि नोझल पानाच्या खालून फिरवायचा, अळी तिथेच असते. 15 गुंठ्याला मला 75 लिटर पाणी लागलं, 15 लिटरचे पाच पंप, म्हणजे एका फवारणीला 150 मिली. बाटलीत तीन फवारण्या झाल्या. 5 पैकी 4 देईन, एक कापला तो झाकणासाठी, मापाचं झाकण नीट बसत नाही आणि हाताला वास राहतो दिवसभर.

नुसत्या निंबावर अख्खा प्लॉट निघाला असं मी म्हणणार नाही. गड्डा धरायच्या टायमाला आभाळ आलं चार दिवस आणि अळी एकदम वाढली, ती गड्ड्यात शिरली की मग काहीही मारा, गिऱ्हाईक घेत नाही. तेव्हा स्पिनोसॅड 2.5 टक्के हे कीटकनाशक एकदा मारलं. लेबलवर कोबी आणि फ्लॉवर दोन्हींची नावं आहेत, हेक्टरी 600 ते 700 मिली 500 लिटर पाण्यात, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 20 मिलीच्या आसपास. याचा रिझल्ट दुसऱ्या दिवशी दिसतो, अळ्या लुळ्या पडून खाली. लेबलवर काढणीआधी 3 दिवस थांबायला सांगितलंय, मी पाच थांबलो, आपल्या घरात पण तोच फ्लॉवर शिजतो ना.

रासायनिक मारायला माझी ना नाही, पण गेल्या वर्षी जे झालं ते सांगतोच. एका कृषी सेवा केंद्रात अळी दाखवली तर त्यांनी तीन औषधं एकत्र करून दिली, दोन तर सुट्ट्या पुड्या, ना लेबल ना बिल. मारल्यावर दोन दिवस प्लॉट एकदम स्वच्छ दिसला, आम्ही खूश, आणि पंधरा दिवसात अळी परत हजर आणि वर मावा चिकटला तो वेगळाच, कारण मावा खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगे पण त्यात मेले. भाचा शिवाजीनगरच्या कृषी कॉलेजला आहे, तो म्हणाला मामा ही अळी औषधाला दाद न देण्यात फार जुनी आहे, 1953 मध्येच जावा बेटावर तिने डीडीटीला जुमानलं नव्हतं, आणि पुढे बीटीला, म्हणजे जिवाणूपासून केलेल्या अळीच्या औषधाला पण शेतात पहिल्यांदा हिनेच दाद दिली नाही. त्यामुळे तेच ते औषध परत परत मारायचं नाही, गट बदलायचा, म्हणजे वेगळ्या तऱ्हेने काम करणारं औषध घ्यायचं. मी आता बिल घेतल्याशिवाय आणि लेबलवर पिकाचं नाव वाचल्याशिवाय बाटली गाडीवर ठेवत नाही.

ज्यांच्या बांधावर निंब आहे त्यांनी घरचा 5 टक्के अर्क पण करून बघा, 5 किलो निंबोळीची पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची, सकाळी फडक्याने नीट गाळून 100 लिटर करायचं, थोडा साबणाचा चुरा टाकायचा आणि त्याच दिवशी मारून संपवायचं. गाळायला कंटाळा केला तर नोझल चोक होतो, फार वैताग येतो. आईने जुलैमध्ये दोन पोती निंबोळ्या वाळवून ठेवल्यात, पुढच्या लागणीला अर्ध्या प्लॉटवर बाटली आणि अर्ध्यावर आईचा अर्क असं करणार आहे, दोन्हीकडे सुतळ्या बांधून. आणि यावेळी फ्लॉवरच्या आधी पंधरा दिवस कडेला मोहरी टाकणार, पतंग आधी तिच्याकडे जातो म्हणतात. कोणी मोहरी लावली असेल तर किती ओळींमागे लावली ते लिहा, आमची रोपं तयार होत आलीत.