डीव्हीडी ड्राइव्ह "गेला" म्हणून सांगितलेला, गोलाणीतल्या या काकांनी चालू करून दिला

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी श्रावणाच्या आधी गेले होते, अमळनेरहून, सीपीयू पिशवीत घालून सुरत-भुसावळ लाईनच्या पॅसेंजरने. लिहायला उशीर झालाय पण लिहायचंच होतं, कारण ज्यांच्या घरी जुन्या सीडी-डीव्हीडी पडल्यात त्यांना हे कामाला येईल.

आमचा पीसी २०१० सालचा असेंबल केलेला, पहिल्या पिढीचा आय थ्री, विंडोज सेव्हन. चांगला चालत होता पण क्रोम १०९ वर अडकलेलं, त्याच्यापुढचं व्हर्जन सेव्हनवर येतच नाही, आणि बँकेची साइट उघडेना. मग जवळच एकाकडे विंडोज टेन टाकून घेतलं, जुना डेटा आणि सॉफ्टवेअर आहे तसंच ठेवून वरून अपग्रेड. घरी आणून लावला तर धिस पीसीमध्ये डीव्हीडीचा आयकॉनच नाही. ट्रे उघडतो, बंद होतो, लाइट लागतो, पण विंडोजला ड्राइव्ह दिसत नाही. परत घेऊन गेले तर त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं की ड्राइव्ह गेला, जुना झालाय, बाहेरून लावायचा यूएसबीवाला घ्या, साडेसतराशे. एक दिवस आधी चालणारी वस्तू अपग्रेडच्याच दिवशी कशी मेली हे मला पटेना.

आणि मला ड्राइव्ह हवाच होता. आमच्या आजीचा कानबाईचा (आमच्या खानदेशातली देवी) व्हिडिओ, २००९ चा, एका डीव्हीडीवर आहे. नागपंचमीनंतरचा रविवार, घरात कानबाई बसवलेली, रोट, रात्रभर बायकांची अहिराणी गाणी आणि सकाळी बोरी नदीवर विसर्जन, सगळं त्यात. आजी आता नाही, आणि ती जी गाणी म्हणायची त्यातली निम्मी घरात कुणालाच पूर्ण येत नाहीत. त्याची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

तर हे काका. दुकान छोटं, टेबलावर उघडे लॅपटॉप, मागे जुन्या ड्राइव्हची चळत. माझं ऐकून घेतलं, मी अमळनेरची कळल्यावर थेट अहिराणीतच बोलायला लागले, आणि पहिलं काम काय केलं तर विंडोज चालूच केलं नाही. पीसी लावला, डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा पीसीचा स्वतःचा सेटिंगचा स्क्रीन) गेले आणि मला बोलावून दाखवलं, हार्डडिस्कच्या खाली ड्राइव्हचं नाव मॉडेल नंबरसकट आलेलं. मग लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टीमची, एक जुनी सीडी त्याच ड्राइव्हमध्ये टाकून पीसी तिच्यावरूनच चालू केला, पाच मिनिटांत डेस्कटॉप समोर. "ड्राइव्ह चांगला शे ताई, केबल पण चांगली शे, इंडोजलेच तो दिसत नही." एवढी एक गोष्ट आधीच्या ठिकाणी कुणी केली असती तर माझी चक्कर वाचली असती. बायोसमध्ये नाव येत असेल तर नवीन ड्राइव्ह घ्यायच्या आधी थांबा, आणि बायोसमध्येच नाव नसेल तर मात्र केबल, पॉवरची पिन नाहीतर ड्राइव्ह बघा. हे घरी पण करता येतं, पैसे लागत नाहीत.

मग विंडोज चालू करून डिव्हाइस मॅनेजर उघडला, तिथे ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण, कोड १९. काकांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. सीडी राइट करायची जुनी सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये आपला एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्राम, बसवतात, त्याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांची आतली वही) अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नावाने असते. वरून अपग्रेड केलं की नोंद राहते पण तो ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, मग विंडोज त्या ड्राइव्हलाच बाजूला टाकतं. इलाज म्हणजे त्या दोन नोंदी काढायच्या आणि रीस्टार्ट. पण त्यांनी आधी रजिस्ट्रीचा तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवला आणि मला नीट बजावून सांगितलं की इंटरनेटवर बघून घरी करायला जाऊ नका, कारण क्लास नावाच्या फोल्डरमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या लांबलचक नंबरांची रांग असते, ज्याचा पहिला तुकडा ९६५ वर संपतो तो सीडी-डीव्हीडीचा आणि ९६७ वर संपतो तो हार्डडिस्कचा, तिथलं अपरफिल्टर्स उडवलं तर पीसी चालूच होत नाही. एका आकड्याचा फरक. मी तर हात लावणार नाही, तुम्हीही माहितगार माणसाकडूनच करून घ्या. रीस्टार्ट झाल्यावर आयकॉन आला तेव्हा मला खरंच भरून आलं.

पण काम तिथे संपलं नाही. भावाच्या लग्नाची व्हीसीडी लावली तर लगेच चालली आणि आजीची डीव्हीडी लावली तर ड्राइव्ह नुसता घर्र घर्र करतोय. माझा जीव खाली-वर. काकांचं म्हणणं, ड्राइव्हमध्ये सीडीचा लेसर वेगळा आणि डीव्हीडीचा वेगळा, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, म्हणून एक चालतं आणि एक चालत नाही असं होतं. शिवाय डीव्हीडीवरच्या माहितीच्या रेघा फार जवळजवळ असतात, सीडीत दोन रेघांमध्ये १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४, त्यामुळे लेन्सवर धूळ बसली की पहिला फटका डीव्हीडीला. आणि आपल्याकडे धूळ किती, ते उन्हाळ्यात वारं सुटलं की बघा. त्यांनी ड्राइव्ह खोलला, इअर बडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स अगदी हलक्या हाताने पुसली, वाळू दिली, परत बसवला.

डिस्कही बघितली. फोटोग्राफरने वर गोल कागदी स्टिकर चिकटवलेला, आणि ती आमच्याकडे इतकी वर्षं पत्र्याच्या कपाटात, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत. स्टिकर एका बाजूने फुगला की डिस्क फिरताना डुगडुगते. स्टिकर ओढून काढू दिला नाही त्यांनी, म्हणाले तसंच राहू दे, आपण हळू वाचू. मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसली, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा रेघेच्या बाजूनेच जातो आणि त्यात जास्त माहिती जाते.

डिस्क वाचली गेली. डबल क्लिक केलं तर चालेना, कारण टेनमध्ये डीव्हीडी बघायचा प्लेअर येतच नाही, सेव्हन होम प्रीमियममध्ये होता. व्हीएलसी टाकलं, फुकट आहे, आणि आजी पडद्यावर आली. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती ती पण बघत उभी राहिली, त्यातल्या एका काकू गाण्याच्या पुढच्या ओळी म्हणायला लागल्या. मी फोनवर त्या रेकॉर्ड करून घेतल्या.

कॉपी मात्र सव्वा तास चालली. डिस्क आतून बाहेर लिहिलेली असते म्हणून बिघाड बहुतेक बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटी येतो, आणि आमचंही तसंच, नव्वद टक्क्यांवर अडकलं. त्यांनी सोडून दिलं नाही, स्पीड कमी करून परत परत वाचायला लावलं. विसर्जनाच्या ठिकाणी चार-पाच सेकंद चौकोन चौकोन दिसतात, बाकी सगळं आलं. आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली कॉपी, करून पेन ड्राइव्हवर आणि माझ्या हार्डडिस्कवर दोन्हीकडे दिली.

सगळ्याचे ४५० रुपये घेतले. नवीन ड्राइव्ह विकून जास्त सुटले असते त्यांना.

कमी पण सांगते. फोन उचलत नाहीत, तीनदा लावला. टोकन वगैरे काही नाही, दोन तास थांबावं लागलं, बसायला एकच स्टूल. बिल मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिलं. ऑफिसच्या कामासाठी पक्कं बिल लागत असेल तर आधीच विचारा. मॉनिटर नेऊ नका, त्यांच्याकडे आहे, फक्त सीपीयू आणि डिस्का न्या, आणि डिस्का कव्हरमध्ये न्या.

एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली ती महत्त्वाची. टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा पीसी विंडोज इलेव्हन घेणार नाही, म्हणून बँकेचं काम याच्यावर करू नका, याला डिस्का उतरवायला ठेवा. मी तसंच करतेय.

ट्रे अजून अडकतो. आतला रबरी बेल्ट कडक झालाय, सध्या पुढच्या बारीक भोकात पेपर क्लिप घालून उघडते. बेल्ट काकांनी मागवलाय, आला की परत जाणार आहे, कपाटात अजून अकरा डिस्का आहेत त्याही सोबत नेईन.