कॉर्ग टीएम-६०: स्वतः शिकलेल्या हातांसाठी

ट्यूनर (सूर दाखवणारा) आणि मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारा) एकाच वेळी चालतात, ही कॉर्ग टीएम-६० या डबीची खरी करामत. आपले आपण गिटार शिकलेल्यांची लय बहुधा जी ते सी अशा कॉर्डबदलात (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) घसरते. सोप्या जागी हात पळतो, अवघड जागी अडखळतो, आणि वाजवणाऱ्याला पत्ताही नसतो. ६० बीपीएम (मिनिटाला ६० ठोके) लावा, चार ठोक्यांना एक कॉर्ड. सलग आठ वेळा स्वच्छ वाजली तरच वेग ४ ने वाढवा. तार खरखरली तर जोर नको, बोट फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या, पट्टीलगत सरकवा. नेक (गिटारचा दांडा) आवळून धरायची खोड ट्यूनर लगेच उघडी पाडतो: जास्त दाबलेल्या तारेचा सूर चढतो, काटा उजवीकडे जातो. स्पीकर मात्र नाजूकच. जोरदार स्ट्रमिंगमध्ये (सगळ्या तारा एकदम छेडताना) इयरफोन लावा.