मराठी मजकुरासाठी मांडलेलं डेस्क: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीनंतर मी घरातलं कामाचं डेस्क नव्यानं मांडलं. आता पुण्याचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्यावर काढून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते. डेस्क सेटअपचे फोटो बघायला मला मनापासून आवडतात. पण त्यातल्या बहुतेक टेबलांवर कोड लिहिला जातो, गेम खेळले जातात किंवा व्हिडिओ एडिट होतात. माझं काम मराठी पुस्तकांचं मुद्रितशोधन आणि भाषांतर. दिवसभर देवनागरी वाचायची आणि देवनागरीच टाईप करायची. अशा कामाला डेस्क कसं लागतं, हे कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नव्हतं.

आधी काय काय आहे ते सांगते. २७ इंची ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचा) मॉनिटर, तो धरणारा गॅस स्प्रिंगचा आर्म, १४ इंची विंडोज लॅपटॉप, ७५ टक्के आकाराचा (उजवीकडचा नंबरपॅड नसलेला) मेकॅनिकल कीबोर्ड, उंची बदलणारी दोन मोटरची फ्रेम, तिच्यावर सुताराकडून करून घेतलेली फळी आणि जाळीच्या पाठीची खुर्ची. पैशांचा सर्वांत मोठा वाटा मॉनिटर आणि खुर्चीला गेला.

मॉनिटरबद्दल सगळ्यांत जास्त लिहायचंय. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात, २७ इंची १४४०पी (२५६० × १४४०) वर १०९, आणि २७ इंची ४के वर १६३. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला १०९ वर भागतं, तसं अनेकांनी लिहिलंय आणि ते खरंही असेल. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. एकाच ओळीच्या उंचीत तिप्पट ऐवज कोंबलेला असतो. ९२ पिक्सेलवर ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक दोन-तीन ठिपक्यांचा उरतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ डोळा अंदाजानं वाचतो, आणि मुद्रितशोधनात नेमकं तेच चालत नाही. ‘शुद्ध’च्या जागी ‘शुध्द’ पडलेलं असलं तर ते अर्थावरून कळत नाही, अक्षराच्या आकारावरूनच पकडावं लागतं.

१६३ वर हे सगळं सुटं दिसतं. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवणं, १५० टक्के ठेवलंय, म्हणजे जागा १४४०पी इतकीच मिळते, पण अक्षराची कड छापल्यासारखी येते. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला मूळ संहिता, दोन्ही पूर्ण रुंदीत. संध्याकाळी कपाळ जड व्हायचं ते जवळजवळ थांबलं. मी डॉक्टर नाही, कारण तेवढंच होतं असं म्हणणार नाही. पण झूम वाढवून, पुढे वाकून वाचणं बंद झालं हे नक्की.

एक गोष्ट तपासून घ्या. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा यायला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतं. एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० वेळांवरच, अडतं आणि माउस ओढल्यासारखा चालतो. पुष्कळ स्वस्त डॉक (लॅपटॉपला जास्तीचे पोर्ट देणाऱ्या डब्या) अजून त्याच मर्यादेचे असतात. माझ्या मॉनिटरला टाइप-सी आहे. एकाच वायरीतून चित्रही जातं आणि लॅपटॉप ६५ वॅटवर चार्जही होतो.

आता कीबोर्ड. मी इनस्क्रिप्टनं, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळ-मांडणीनं, टाईप करते. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ मध्ये ही मांडणी आहे, आणि विंडोजमध्ये ‘मराठी’ निवडलं की तीच येते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात आणि लय छान लागते. पण उजव्या कडेला काय काय येतं ते बघा: पी वर ‘ज’, त्याच्या शेजारी चौकटी कंसावर ‘ड’, एल च्या पुढे ‘च’ आणि ‘ट’, तिरप्या रेघेवर ‘य’, आणि उलट्या तिरप्या रेघेवर ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ यांतला ‘ॉ’. इंग्रजीत ज्या कळांना क्वचित हात लागतो, त्यांच्यावर मराठीची रोजची अक्षरं बसलेली आहेत. हा सगळा भार एकट्या उजव्या करंगळीवर.

म्हणून मराठी टाईप करणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं, कीबोर्ड निवडताना पहिल्यांदा त्याची उजवी कड बघा. ४२ कळांचे दोन तुकड्यांतले कीबोर्ड फोटोत फार देखणे दिसतात. मैत्रिणीकडचा मी थोडे दिवस वापरला. मनगटाला खरंच आराम मिळतो. पण त्यात ‘ड’ आणि ‘ॉ’ दुसऱ्या लेयरमध्ये जातात, म्हणजे ‘डोंगर’ लिहायला आधी अंगठ्यानं वेगळी कळ दाबून धरायची. ७५ टक्के आकारात ही सगळी अक्षरं जागच्या जागी राहतात आणि माउसही हाताजवळ येतो.

माझ्या कीबोर्डचे स्विच सोल्डर न करता काढता-घालता येतात, आणि या सोयीचा मला सर्वांत मोठा फायदा झाला. बाकी सगळीकडे थोडा अडसर देणारे ब्राउन स्विच आहेत; उजव्या करंगळीच्या कळांखाली ३५ ग्रॅमचे हलके बसवले. पहिले काही दिवस चुकून ‘च’ जास्तीचा पडायचा, मग बोटाला अंदाज आला. आता भाषांतराचा लांब दिवस संपला तरी करंगळीचा सांधा बोलत नाही. पूर्वी तो बोलायचा.

टेबलाची उंची हा फोटोत न दिसणारा भाग. सुतार सहसा टेबल ३० इंचांचं, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं करतात. माझी उंची पाच फूट दोन इंच; खुर्चीत बसून पाय जमिनीला टेकवले तर कोपर ६५ सेंटिमीटरच्या आसपास येतं. ७६ वर टाईप करायचं म्हणजे दिवसभर खांदे उचलून धरायचे. उंची बदलणारं टेबल मी घेतलं ते खाली यावं म्हणून. उभं राहून काम करता येणं हा वरचा फायदा. इथे एक बारीक गोष्ट आहे. दोन टप्प्यांचे (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे) पाय असलेल्या फ्रेम बऱ्याचदा ७० सेंटिमीटरच्या खाली येतच नाहीत. तीन टप्प्यांचे पाय ६२ पर्यंत उतरतात. शिवाय सांगितलेला आकडा पुष्कळदा फळीशिवायचा असतो, त्यात जाडी मिळवायची. बुटक्या माणसांनी, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी, कमाल उंचीऐवजी किमान उंचीचा आकडा विचारावा.

उभ्यानं मला टायपिंग जमत नाही, वाचन मात्र उत्तम जमतं. दुपारच्या जेवणानंतरचा तास-दीड तास पहिलं वाचन उभ्यानंच होतं, झोप येत नाही.

फळी १९ मिलिमीटरच्या बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायची. वर सनमायका आहेच, पण खालच्या बाजूलाही लॅमिनेट लावून घेतलं. एकाच बाजूला लावलं तर दमट हवेत फळीला बाक येऊ शकतो. सुतारानंच हे आधी सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाची दारं अडकायला लागली तेव्हाही टेबलाला काही झालं नाही. आर्मचा क्लॅम्प बसतो तिथे वर-खाली लोखंडी पट्टी दिलीय, त्यामुळे प्लाय दबलेला नाही. उरलेल्या तुकड्यातून सुतारानं एक उतरता पाट करून दिला. तो कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मध्ये ठेवते, त्यावर छापील प्रूफं. सगळ्या सेटअपमधली ही स्वस्त वस्तू माझी सर्वांत लाडकी आहे. मान खाली घालून कागद बघणं संपलं.

खुर्चीबद्दल थोडक्यात: जाळीची पाठ एप्रिल-मेमध्ये वरदान आहे. मूळची कडक नायलॉनची चाकं आमच्या टाइल्सवर खडखडायची, खालच्या मजल्यावर आवाज जायचा. ११ मिलिमीटर दांड्याची मऊ चाकं घेऊन घरीच बदलली.

विजेचं बघितल्याशिवाय डेस्क पूर्ण होत नाही. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू ठेवलं की वीज गेल्यावर मॉनिटर बंद पडून पुन्हा सुरू होत नाही. राउटरला १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस आहे, वीज गेली तरी फाइल अपलोड होत राहते. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्या. आमच्या खोलीतल्या एका सॉकेटला अर्थ जोडलेलीच नव्हती. इलेक्ट्रिशियननं ती जोडली आणि चार्जरला तीन पिनचा प्लग लावला, झिणझिण्या गेल्या. एक्स्टेन्शन बोर्ड फळीच्या खालून स्क्रूनं बसवलाय. टेबल वर-खाली होतं तेव्हा सगळ्या वायरी त्याच्याबरोबरच हलतात, भिंतीकडे फक्त एक वायर जाते आणि तिलाच ढील ठेवावी लागते.

मॉनिटरमागची रंगीत एलईडी पट्टी मी काढून टाकली. दिसायला सुरेख होती, पण कागदावर निळसर झाक यायची आणि पेन्सिलीच्या खुणा पुसट वाटायच्या. त्याऐवजी पडद्याच्या वरच्या कडेवर बसणारा दिवा आहे. त्याचा उजेड काचेवर न येता खाली टेबलावर पडतो.

ऑफिस बाणेरला, आठवड्यातून दोन दिवस. तिथे जागा ठरलेली नसते आणि मॉनिटर २४ इंची फुल एचडी. बरेच दिवस मी लॅपटॉप बंद करून त्या मोठ्या पडद्यावर वाचत होते, कारण सगळे तसंच करतात. मग हिशोब केला: माझ्या लॅपटॉपचा १४ इंची पडदा १९२० × १२०० चा आहे, म्हणजे इंचाला १६२ पिक्सेल, घरच्या ४के इतकेच. आता घडीचा स्टँड आणि कीबोर्ड पिशवीत नेते, लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत उचलून प्रूफ त्यावर वाचते, आणि ऑफिसच्या मॉनिटरवर शब्दकोश, ई-मेल आणि मूळ इंग्रजी मजकूर उघडून ठेवते. वेगळा पैसा न घालता ऑफिसातलं वाचन सुधारलं, आणि आमच्या टीममधल्या अजून दोघी तसंच बसायला लागल्यात.