आतडे जोडण्याची शस्त्रक्रिया : पुण्यातील एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूची गाठ एरंडवण्यातील एका खासगी रुग्णालयात काढली, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. गाठीचा भाग काढल्यावर उरलेली दोन टोके हाताने टाके घालून किंवा स्टेपलरने (धातूच्या बारीक पिनांनी आतडे जोडणाऱ्या उपकरणाने) जोडता येतात, मात्र कोणत्याही पद्धतीत टोकांना रक्तपुरवठा चांगला हवा आणि जोडावर ताण नको, हे सर्जनांनी कागदावर आकृती काढून आईलाही समजेल अशा भाषेत सांगितले. वडिलांचा जोड गुदाशयाशी, ओटीपोटात खोलवर असल्याने गुदद्वारातून आत सरकवण्याच्या गोल स्टेपलरची निवड आम्हाला पटली. जोडणीनंतर स्टेपलरने दोन्ही टोकांपासून कापून काढलेली आतड्याची गोल कडी (रिंगा) अखंड असल्याची खात्री केली आणि ओटीपोटात पाणी भरून गुदाशयात हवा सोडली असता (सायकलचे पंक्चर शोधतात तसेच) बुडबुडे आले नाहीत, हेही त्यांनी आपणहून कळवले. तरीही पुढचे काही दिवस जोड गळण्याचा धोका राहतोच. त्या काळात ताप, नाडी आणि पोटदुखी यांवर परिचारिकांनी ठेवलेले लक्ष वाखाणण्याजोगे होते.

तक्रार आहे ती बिलाची. एकदाच वापरायचा स्टेपलर महाग असणार हे मान्य, परंतु अंदाजपत्रकात तो ‘इतर साहित्य’ या एका ओळीत दडवला होता आणि त्याच ओळीवर विमा कंपनीने शंका काढल्याने डिस्चार्जच्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत काउंटरवर ताटकळलो. भरती होण्यापूर्वी साहित्याचा तपशील लेखी मागून घ्यावा.