चिऊचा जांभळा मफ: साडेचार वर्षं, तीन शाळा, एक रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय. ज्यांना फक्त घेऊ का नको एवढंच हवंय त्यांनी घ्या, पण पोराच्या डोक्याचं माप बघून घ्या, संपलं. बाकीच्यांसाठी सगळं लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा जे रिव्ह्यू सापडले ते सगळे "नाइस प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी" असले होते, आणि मला जाणून घ्यायचं होतं की सात वर्षांची चष्मेवाली मुलगी हे घालून वर्गात बसली तर पुढे काय होतं.

वस्तू म्हणजे लहान मुलांचा इअर मफ. हेडफोनसारखाच दिसतो पण यात गाणी वाजत नाहीत, वायर नाही, चार्जिंग नाही. दोन प्लास्टिकच्या वाट्या, आत फोम, कडेला मऊ गादी आणि डोक्यावरून पट्टी. जांभळा, घडी होणारा, 1,850 रुपयांना ऑनलाइन घेतला, माझी मुलगी चिऊ तेव्हा नुकतीच दुसरीत गेली होती आणि आता ती सहावीत आहे. एकदा गाद्या बदलल्या, बाकी तोच चालू आहे.

चिऊला विल्यम्स सिंड्रोम आहे. सातव्या क्रोमोझोमचा एक बारीक तुकडा तिच्याकडे एकच आहे, बाकी सगळ्यांकडे दोन असतात, त्या तुकड्यात पंचवीसेक जीन्स असतात आणि त्यातलं एक इलॅस्टिनचं. इलॅस्टिन म्हणजे रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारं रबर म्हणा हवं तर, ते कमी म्हणून हृदयातून निघणारी मोठी नळी झडपेच्या जरा वर अरुंद आहे, म्हणून आमचा दरवर्षी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असतो. साधारण साडेसात ते दहा हजार जन्मांमागे एक मूल असं असतं. नाव पडलं ते न्यूझीलंडच्या डॉक्टर विल्यम्सवरून, त्यांनी 1961 साली अशा मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं. हे बहुतेक वेळा आईबापांकडून आलेलं नसतं, आपोआप घडतं, हे वाक्य मी आमच्या घरी किती वेळा म्हटलंय ते विचारू नका, सासूबाईंना अजूनही वाटतं की मी सातव्या महिन्यात ग्रहण बघितलं म्हणून झालं.

आता कानाचं. या मुलांपैकी बहुतेकांना आवाज फार लागतात. बहिरेपणाच्या बरोब्बर उलटं. कुकरची शिट्टी, मिक्सर, फुगा फुटणं, टाळ्या, हँड ड्रायर. आणि गंमत म्हणजे हीच मुलं गाण्याची वेडी असतात. चिऊ पाळण्यात असल्यापासून पेटी लागली की रडं थांबवायची, आणि तीच चिऊ वाढदिवसाच्या पार्टीत फुगे दिसले की दारातूनच परत फिरायची, फुगा फुटलेला नसायचा तरी, फुटेल म्हणून. हा जो "फुटेल म्हणून" आहे ना, खरा त्रास तो आहे. आवाज अर्ध्या सेकंदाचा आणि त्याची वाट बघणं दिवसभराचं.

आम्ही मुठेपासून जवळ राहतो. पुण्यातल्यांना कळेल. पावसाळा लागला की नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू, ते थेट विसर्जनापर्यंत. ढोल एक वेळ चालतो तिला, ताशा नाही.

मफच्या आधी काय काय केलं ते पण सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. कापसाचे बोळे: काहीही उपयोग नाही, फक्त आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान. फोमचे पिवळे प्लग: लहान मुलांना नकोच, काढून तोंडात घालतात. नवऱ्याचा महागातला नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: विमानात, बसमध्ये, एसीच्या घरघरीला भारी आहे, पण तो एकसारख्या खालच्या आवाजाला मारतो, अचानक शिट्टी किंवा टाळी झाली की त्याचं काही चालत नाही, आणि आमचा प्रॉब्लेम तर सगळा अचानकवालाच. शिवाय शाळेत कुठला नेऊ देतायत.

मग पहिलीत असताना बोहरी आळीत जाऊन कारखान्यात कामगार घालतात तो पिवळा मफ आणला, खोक्यावर 27 डेसिबल, म्हणजे एवढा आवाज कमी करतो असं, 700 रुपये. दुकानदाराने विचारलं साहेबांना का, म्हटलं नाही, मुलीला. तो मोठ्या माणसाच्या डोक्याचा, ही मुलं वयाच्या मानाने बारकी असतात, पट्टी पूर्ण आत घेऊनसुद्धा वाट्या गालावर यायच्या. खोक्यावर आकडा कितीही असू द्या, कानाभोवती फट राहिली की सगळा आवाज आत. म्हणून माप म्हणाले. जांभळ्यावर आकडा 25 आहे पण तो नीट बसतो, त्यामुळे काम त्याचं जास्त. आणि 25 लिहिलं म्हणजे रोजच्या वापरात तेवढे मिळतात असं नाही, कमीच मिळतात, आणि शांतता तर अजिबात होत नाही. बाई काय बोलतायत ते ऐकू येतं, जरा गादीखालून आल्यासारखं.

तक्रारी. एक, घाम. एप्रिलमध्ये कानाच्या मागे घामोळं येतं, मी गाद्यांना सुती कापडाची खोळ शिवली तर आवाज आत यायला लागला, ती काढून टाकली. दोन, चष्मा. चिऊला तिरळेपणा आणि प्लसचा नंबर आहे, या मुलांमध्ये दोन्ही बऱ्याचदा दिसतं, आणि चष्म्याची काडी गादीखाली गेली की तिथे फट पडते आणि कान पण दुखतो. आम्ही बारीक लवचिक काडीची फ्रेम केली, सुधारलं, पूर्ण नाही. तीन, नवीन असताना फार आवळतो. यावर उपाय: रात्रभर पोह्यांच्या डब्यावर ताणून ठेवायचा, मध्यम डबा, मोठ्यावर ठेवलात तर कायमचा सैल होईल. चार, गादीचं रेक्झिन दोन वर्षांत तडकतं आणि काळे तुकडे केसात निघतात. नवीन जोडी 400 रुपयांना मिळाली पण यायला महिना लागला, तेव्हा एक जास्तीची घेऊनच ठेवा.

आता शाळा, कारण मफ घरी कपाटात छानच असतो, खरी परीक्षा तिकडे.

बालवाडीत प्रश्नच आला नाही, बारा पोरं, घंटा नाही, बाई पेटी वाजवायच्या. मग आम्ही सगळ्यांसारखी मोठी इंग्लिश शाळा घेतली. नाव सांगत नाही. वर्गाच्या दारावरच इलेक्ट्रिक बेल, रोज सकाळी असेंब्लीला बँड. पिवळा मफ कसाबसा चालवून घेतला पण दुसरीत हा जांभळा नेला आणि आठवड्यात बोलावणं आलं. "मॅडम, युनिफॉर्ममध्ये हे बसत नाही, आणि बाकीची मुलं पण मागायला लागलीत." मी डॉक्टरांचं पत्र दिलं. मग असं ठरलं की मफ बाईंच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहील आणि गरज पडेल तेव्हा तिने मागायचा. आता तुम्हीच सांगा, बेल वाजल्यावर हात वर करून, मे आय कम इन म्हणून, ड्रॉवरपर्यंत जाऊन मफ मागायचा, तोपर्यंत बेल संपून पुढचा तास सुरू झालेला. दुसरीभर ती बेलच्या आधी दहा मिनिटं कानात बोटं घालून बसायची आणि दोन्ही हात कानावर असल्यामुळे लिहायचं राहायचं, आणि वहीत शेरा "इन्कम्प्लीट वर्क". तसंही लिहिणं तिला जड जातं, फळ्यावरचं बघून वहीत उतरवणं तर फारच, डोळ्यांनी जागेचा अंदाज घेणं हीच तिची कच्ची बाजू आहे, जिना उतरतानाही ती पायरी पायाने चाचपते. बोलणं मात्र असं की ऐकणाऱ्याला वाटतं हिला काय झालंय, सगळं तर येतं. शाळेलाही तेच वाटायचं, म्हणजे आळशी आहे.

तिसरी संपल्यावर दाखला काढला. तोवर सर्टिफिकेटचं पण काम केलं, त्यात ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात विल्यम्स नावाने नाही, आम्हाला बौद्धिक दिव्यांगत्वाखाली मिळालं, आयक्यू टेस्ट आणि रोजच्या व्यवहाराची टेस्ट दोन्ही झाल्या, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्या कायद्यात शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेप्रमाणे सोय करायची असं सरळ लिहिलंय. मी त्याची प्रिंट पर्समध्ये ठेवायचे, भांडायची वेळ आली तर म्हणून. पुढच्या शाळेत ती बाहेर काढावीच लागली नाही.

चौथीला घराजवळची छोटी मराठी शाळा. लोक म्हणाले मीडियम बदलताय, पोरीचं नुकसान. पण चिऊची सगळी ताकद बोलण्यात, आणि ते बोलणं मराठीत, आजीच्या मराठीत, म्हणी वगैरे घालून. पहिल्या दिवशी मी एक पानी कागद दिला, "चिऊची ओळख", त्यात आजाराची माहिती चारच ओळी आणि बाकी कामाचं: आवाज होणार असेल तर आधी सांगा, फळ्यावरचं उतरवायला लावू नका, झेरॉक्स द्या, जिन्यात हात धरा, अनोळखी माणसाबरोबर ती हसत निघून जाईल तेव्हा घ्यायला आम्ही दोघं किंवा आजी आल्याशिवाय सोडू नका, आणि मफ तिच्या गळ्यात राहू द्या. हे शेवटचं अधोरेखित. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "गळ्यात कशाला, बाकावर खिळा मारून देऊ ना." आणि खरंच मारून दिला. त्या खिळ्यावर मफ, हात लांबवला की हातात. मला वाटतं त्या वर्षी तिने तो जितका घातला त्यापेक्षा जास्त नुसता हात लावून बघितला असेल, आहे ना जागेवर, आहे.

तिथली घंटा म्हणजे रुळाचा लोखंडी तुकडा आणि हातोडी. मी ते बघून घाबरले होते. पण चिऊला ती घंटा आवडली! आठ दिवसांत वर्गात बसून सांगायला लागली, "आज मावशींनी नाही दिली, काकांनी दिली." मावशी हलक्या हाताच्या म्हणे. घंटेला जाताना मावशी वर्गाच्या खिडकीवर एक टकटक करून पुढे जायच्या, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

ती शाळा चौथीपर्यंतच. म्हणून पाचवीला पुन्हा हायस्कूल, पुन्हा कागद, पुन्हा नवे सर, वर्गात 60 मुलं. इथे एक वेगळाच घोळ झाला, मुलांनी मफ पळवला, फेकाफेकी केली, पट्टीचा एक खटका तुटला (फेविक्विकने चिकटवलाय, अजून आहे). सरांनी रागवण्याऐवजी एक तास सगळ्यांना घालून बघू दिला, ओळीने, प्रत्येकी अर्धा मिनिट. त्यानंतर त्याची हवाच गेली. आता डबा खायच्या सुट्टीत एक मुलगा तिच्याकडून उसना घेतो, त्याला कसला त्रास आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही.

आता एक महत्त्वाचं, जे खोक्यावर कुठेच छापलेलं नाही. मध्यंतरी, तिसरीत, रोज शाळेतून आली की ती घरी मफ काढायलाच तयार नसायची, जेवताना, झोपताना पण. मला आधी वाटलं बरंय, शांत आहे. ऑडिऑलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने, झापलं. कान सतत झाकून ठेवला की तो शांततेला सरावतो आणि साधे आवाज पण मोठे वाटायला लागतात, म्हणजे चष्म्यासारखा हा दिवसभर घालायचा नाही, छत्रीसारखा पाऊस आला की उघडायचा. आम्हाला घरातला सोडवायला चार महिने लागले. कुकर लावताना मी आता ओरडून सांगते, "चिऊ, तीन होणारेत गं," आणि ती स्वतः मोजते, मफशिवाय, दाराआड उभी राहून. तिसऱ्या शिट्टीला "झालं!" म्हणून गॅस बंद करायची ऑर्डर मला. सध्या मफ लागतो तो असेंब्ली, स्नेहसंमेलनाच्या टाळ्या, एसटी स्टँड आणि गणपती, एवढ्यालाच. गाण्याच्या तासाला अजिबात नाही.

तर घ्यायचा असेल तर पोराला घेऊन दुकानात जा किंवा परत करता येईल असाच मागवा, चष्मा असेल तर चष्म्यासकट ट्राय करा, आणि शाळेला आधी विचारा की तो कुठे राहणार, पोराच्या हाताशी की ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर म्हणाले तर 1,850 रुपये वाचवा.

माझ्याकडून चार स्टार, एक घामाचा कापला. चिऊला विचारलं तर ती पाच म्हणाली, पण तिचं काही धरू नका, ती सगळ्यांनाच पाच देते, रिक्षावाल्या काकांना पण पाच, दातांच्या डॉक्टरांना पण पाच, आणि परवा लाइट बिलाचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला तिने बसवून, पाणी देऊन, त्याच्या बायकोचं नाव विचारून सहा दिले.