आई-बाबांचं वय वंदना कार्ड : आठ महिन्यांनंतर

आई ७४ वर्षांची, बाबा ७९. दोघांची आयुष्मान वय वंदना कार्डं आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये काढली. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत देणाऱ्या केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेचं हे ज्येष्ठांसाठीचं कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ही योजना खुली झाली, उत्पन्नाची अट नाही. फोंड्यात आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हे कार्ड कपाटात पडून आहे, पण ते नेमकं कधी बाहेर काढायचं हे ठाऊक नाही. आम्हालाही जुलैपर्यंत ठाऊक नव्हतं.

कार्ड काढणं सोपं गेलं. आधार कार्डाशिवाय कसलाही कागद लागला नाही. फक्त आईच्या आधाराला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला, आणि भांडी घासून घासून तिच्या बोटांचे ठसेही उमटत नव्हते. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटली.

मावशीचं मात्र अडलं. ती ७२ वर्षांची, पण आधारावर जन्मसाल चार वर्षं पुढचं आणि योजना वय बघते ते आधारावरचंच. दुरुस्तीसाठी जन्मदाखला काढला तर तो पोर्तुगीज अमदानीतला, माहेरच्या नावाचा, स्पेलिंगही पोर्तुगीज वळणाचं. ते नाव आणि आजचं नाव एकाच बाईचं, हे पटवून देण्यात पाच महिने गेले. गोव्यात १९६१ च्या आधी जन्मलेली माणसं घरात असतील तर आजच त्यांचं आधार उघडून साल बघा.

जुलैत आई मागीलदारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याजवळ हाड मोडलं. सगळे म्हणाले, गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल, आहे ना, कार्ड कशाला? गोमेकॉबद्दल मला आदरच आहे. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन तिथंच झालं, एक पैसा लागला नाही. पण या वेळी जवळच्या, योजनेच्या यादीतल्या एका खासगी हॉस्पिटलात लगेच बेड मिळाला, म्हणून तिकडे नेलं.

दाखल करतानाच मी कार्ड काउंटरवर ठेवलं. ते बरं केलं, कारण ही योजना आधी पैसे भरून मागाहून बिलं लावायची नव्हे. हॉस्पिटलातले आयुष्मान मित्र, म्हणजे या योजनेचं काम बघणारे मदतनीस, कागद वर पाठवतात, मंजुरी येते, आणि ऑपरेशन, बेड, औषधं, आत बसवायची पट्टी-स्क्रू असं सगळं धरून एक ठरलेली रक्कम हॉस्पिटलला मिळते. मंजुरीची वाट बघत असताना एका कर्मचाऱ्याने तीस हजार डिपॉझिट मागितलं. आई आत कण्हत असताना असं कोणी मागितलं की माणूस निमूट खिशात हात घालतो. माझाही हात गेला होता. धाकट्या बहिणीने अडवलं, योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला, फोन लावला आणि तिथेच उभं राहून तक्रार सांगू लागली. अर्ध्या तासात डिपॉझिटचा विषय संपला, दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरी आली. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जनरल वॉर्डच मिळतो, तो स्वच्छ होता.

मदत कुठे संपते हेही सांगतो. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतल्या तपासण्या आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांची औषधं यात येतात. ओपीडी येत नाही. आईच्या बीपीच्या आणि बाबांच्या साखरेच्या रोजच्या गोळ्या यात नाहीत, त्या आम्ही जनऔषधी दुकानातून घेतो. वॉकर, डायपर, घरी येणारी फिजिओथेरपिस्ट हा सगळा खर्च खिशातून झाला. म्हाताऱ्या माणसाच्या आजारपणात खरा पैसा ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत जातो, आणि तिथे या कार्डाचा हात पोचत नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

एक गैरसमज आमच्याच घरात होता. कार्डं दोन, म्हणून वर्षाला दहा लाख, असं बाबा सगळ्यांना सांगत होते. तसं नाही. घरात सत्तरीपुढचे कितीही असोत, पाच लाख त्यांच्यात मिळून. आधीपासून आयुष्मानमध्ये असलेल्या कुटुंबात मात्र हे पाच लाख वेगळे, फक्त त्या ज्येष्ठांसाठी. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो, थांबावं लागत नाही. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळतं.

आमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचंही कार्ड आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. तिची हॉस्पिटलांची यादी वेगळी, त्यामुळे कुठे कोणतं कार्ड चालतं ते आधीच विचारून ठेवलं आहे. वय वंदना देशभर चालतं. बाबा दिवाळीत बहिणीकडे पुण्याला जातात, तेव्हा कार्ड त्यांच्या औषधांच्या डब्यात असतं.

आई आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. मागीलदारच्या पायरीला आम्ही कठडा बसवला. मावशीचं आधार गेल्या आठवड्यात दुरुस्त होऊन आलं, रविवारी म्हार्दोळला जाऊन तिचं कार्ड काढून देणार आहे.